पुण्यात सिंथेटिक पट्टी सकाळच्या कामासाठी घाला, शर्यतीचे गवत राहू द्या : टर्फ क्लबला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापन समितीचे सदस्य,
रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, मुंबई आणि पुणे

स. न. वि. वि.

सिंथेटिक ट्रॅकचा विषय पुण्यात पावसाळा लागला की निघतोच. एखादा चांगला घोडा पायाने गेला की कोणीतरी म्हणते, इंग्लंडमध्ये कधीच पॉलिट्रॅक (एका कंपनीचा सिंथेटिक ट्रॅक) टाकून मोकळे झाले. त्यावर दुसरा लगेच सुनावतो, अमेरिकेने टाकला आणि उखडूनही फेकला. दोघांचेही खरे असते, आणि विषय तिथेच मिटतो. तो तसा मिटू नये म्हणून हे पत्र. ते समितीला उद्देशून असले तरी ट्रेनर, घोडेमालक, जॉकी आणि ट्रॅकची निगा राखणारी माणसे, सगळ्यांनी वाचावे अशी इच्छा आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. शर्यतीचे गवत महालक्ष्मीलाही राहू द्या आणि पुण्यालाही राहू द्या. सिंथेटिक घालायचेच असेल तर ते पुण्यात, सकाळच्या ट्रॅकवर्कसाठी, म्हणजे घोड्यांच्या रोजच्या सरावासाठी, एका पट्टीवर घाला. त्याआधी शंभर मीटरचा तुकडा टाकून त्याला एक अख्खा पावसाळा भिजू द्या.

सिंथेटिक म्हणजे गालिच्यासारखे काहीतरी अंथरतात अशी अनेक मालकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो बहुतांश वाळूचाच थर असतो. बारीक सिलिका वाळूत पॉलिप्रॉपिलीन किंवा तत्सम धागे, काही मिश्रणांत रबराचे किंवा विजेच्या वायरींवरच्या प्लास्टिकचे तुकडे, आणि या सगळ्यावर पेट्रोलियम मेणाचा लेप. जाडी साधारण १५ ते १८ सेंटिमीटर. खाली सच्छिद्र डांबराचा थर, त्याखाली खडी, खडीत भोकांच्या निचरा नळ्या. पॉलिट्रॅक, टपेटा, कुशन ट्रॅक, प्रो-राइड ही वेगवेगळ्या कंपन्यांची मिश्रणे. धागा कोणता, मेण किंवा चिकटद्रव्य कोणते आणि किती, इथे ती वेगळी पडतात. मेण दाण्याला दाणा धरून ठेवते, धागे झाडाच्या मुळांसारखे थर बांधतात, आणि पाणी बाजूला वाहून न जाता सरळ खाली उतरते. चिखल होत नाही तो यामुळे.

आता परदेशातला अनुभव नीट बघू, कारण दोन्ही बाजू त्याचीच साक्ष काढतात.

कॅलिफोर्नियाच्या रेसिंग बोर्डाने २००६ मध्ये फर्मान काढले की मोठ्या रेसकोर्सनी २००७ अखेर मातीचा ट्रॅक काढून सिंथेटिक घालावा. हॉलिवूड पार्क, सँटा अनिटा, डेल मार, गोल्डन गेट फील्ड्स यांनी घाईघाईत ते केले. सँटा अनिटाला २००७ मध्ये घातलेला कुशन ट्रॅक २००८ च्या जानेवारीतल्या पावसात पाणी सोडेना. शर्यतींचे दिवसच्या दिवस बुडाले, मग त्यात प्रो-राइडचे चिकटद्रव्य आणि धागे मिसळून त्याची डागडुजी झाली. त्याच पृष्ठभागावर २००८ आणि २००९ चे ब्रीडर्स कप (अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शर्यतींपैकी) झाले, आणि २०१० च्या डिसेंबरात तिथे परत माती आली. केंटकीतल्या कीनलँडने २००६ ला घातलेला पॉलिट्रॅक २०१४ ला काढला. डेल मारने २०१५ ला काढला. दुबईच्या मेदानमध्ये २०१० पासून टपेटा होता, २०१५ चा वर्ल्ड कप मातीवर धावला.

उलट इंग्लंडमध्ये लिंगफील्डला २००१ पासून, केम्प्टनला २००६ पासून आणि आयर्लंडच्या डंडॉकला २००७ पासून पॉलिट्रॅक आहे आणि तो चालतोय. टोरांटोच्या वुडबाइनने २००६ चा पॉलिट्रॅक २०१६ ला काढला खरा, पण त्या जागी माती आणली नाही, टपेटा घातला. टर्फवे पार्क हे उत्तर अमेरिकेतले पहिले पॉलिट्रॅकवाले रेसकोर्स, २००५ चे. तेही २०२० ला टपेट्यावर गेले. गल्फस्ट्रीम पार्कने २०२१ मध्ये टपेटा घातला, तोही गवत आणि माती दोन्ही ठेवून.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट उघड दिसते. जिथे पर्याय म्हणजे शर्यतच नाही, म्हणजे इंग्लंडचा हिवाळा किंवा कॅनडाची थंडी, तिथे सिंथेटिक टिकला. जिथे लोकांच्या सवयीचा, त्यांच्या घोड्यांच्या पैदाशीला साजेसा ट्रॅक उखडून त्या जागी तो लादला, तिथे तो बहुतेक ठिकाणी दहा वर्षेही राहिला नाही. कीनलँड किंवा मेदानने तो काढला त्यामागे घोडे जास्त मरत होते असे कारण नव्हते. अमेरिकेचा सगळा धंदा, पैदास, डर्बी आणि बेटिंग मातीवर उभे आहे. २००८ च्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये मातीचा राजा कर्लिन मागे पडला आणि रेव्हन्स पास आणि हेन्रीदनॅव्हिगेटर हे युरोपातून आलेले गवतावरचे घोडे पहिले-दुसरे आले. गवतावरचा घोडा सिंथेटिकवर सहज रुळतो, मातीवरचा रुळेलच असे नाही. आपल्याकडचे घोडे गवतावरचे असल्याने ही अडचण आपल्याला नाही, हे सिंथेटिकच्या बाजूने मांडायला हवे.

दुखापतींचे आकडे मात्र जपून वाचायला हवेत. अमेरिकेच्या इक्वाइन इंजुरी डेटाबेसमध्ये २०२३ साली दर १,००० स्टार्टमागे (एक घोडा एका शर्यतीत धावला की एक स्टार्ट) प्राणघातक दुखापती मातीवर १.४३, गवतावर १.१३ आणि सिंथेटिकवर ०.९७ नोंदल्या गेल्या. मातीशी तुलना केली तर फरक मोठा आहे, आणि तो एका वर्षाचा योगायोगही नाही, वर्षानुवर्षे सिंथेटिकचा आकडा मातीच्या खालीच राहिला आहे. पण आपण मातीवर धावतच नाही. आपली तुलना चांगल्या गवताशी, आणि तिथे अंतर बरेच कमी होते. दुसरे म्हणजे या नोंदीत शर्यतीपासून ७२ तासांत घोडा गेला तरच तो मोजला जातो. सकाळच्या कामात मोडलेले पाय त्यात नाहीत, आणि जीव गेला नाही पण करिअर संपले अशा दुखापतीही नाहीत. सिंथेटिकवर मागच्या पायाच्या आणि स्नायूंच्या तक्रारी वाढतात असे अनेक अमेरिकी ट्रेनर सांगत आले. ते किती खरे याचा वाद मिटलेला नाही, पण त्याला यांत्रिक आधार आहे. खूर टेकल्यावर मातीत जितके पुढे सरकते तितके मेणाच्या वाळूत सरकत नाही. धक्का वरून कमी बसतो, पण खूर लवकर थांबते. भार नाहीसा होत नाही, दुसरीकडे जातो.

आपल्याकडे या सगळ्याचा अर्थ असा. शर्यतीसाठी आपल्याकडे गवत आहे, तिथे सिंथेटिकने मिळणारा फायदा थोडा. कामासाठी आपल्याकडे वाळू आहे, तिथे फायदा बराच. घोडा शर्यतीत महिन्यातून एखाद-दोनदा धावतो, आणि ट्रॅकवर सकाळी जवळपास रोज जातो. पायांवरचा बहुतेक भार कामातला असतो.

मुंबईत सिंथेटिक नको म्हणतो त्याचे कारण साधे आहे. मुंबईचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे नेमका कोरडा काळ. पावसाची अडचण नसलेल्या मोसमासाठी पावसाचा ट्रॅक कशाला? वर महालक्ष्मीची जागा सखल आणि समुद्राला लागून, भरतीच्या वेळी पाणी बाहेर पडायला वाट नसते. म्हणजे जून ते सप्टेंबर न वापरलेला ट्रॅक खालून पाणी पीत पडून राहणार. क्लब आणि महापालिकेत जागेची वाटणी झाल्यानंतर तिथला नकाशाही बदलतो आहे. आणि डर्बीचे गवत. इंग्लंडच्या न्यूकॅसलने २०१६ ला आपला गवताचा फ्लॅट (अडथळ्यांविना शर्यतींचा) ट्रॅक काढून टपेटा घातला, त्याबरोबर नॉर्थम्बरलँड प्लेट ही जुनी शर्यत टपेट्यावर गेली. तिथल्या अनेकांना ते आजही रुचलेले नाही. इंडियन डर्बीचे असे काही करायची गरज नाही.

पुणे वेगळे आहे. मोसम जुलैपासून सुरू, सगळे घोडे तिकडे, आणि काम ऐन पावसात. वाळूचा ट्रॅक चार सरी झाल्या की कसा होतो ते कोणत्याही रायडिंग बॉयला विचारा. बारीक वाळू उताराने वाहून जाते, जड दाणे मागे राहतात. घोडे रेलला (आतल्या कठड्याला) धरून जातात, त्यामुळे आतली वाळू बाहेर ढकलली जाते. आत पाच-सहा सेंटिमीटर आणि बाहेर पंधरा अशी स्थिती होते. मध्येच पाया उघडा पडून टणक डाग तयार होतो आणि वरून तो दिसत नाही. एकाच गॅलपमध्ये (भरधाव दौडीत) घोड्याचा पाय आधी खोल, मग कडक, मग परत खोल पडतो, आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी शीर) इथेच जातो. पाऊस लांबला की ट्रेनर जलद काम गवतावर मागतात, आणि शर्यतीच्या आधीच गवताचे खोबण्या-खोबण्या होतात. मग फॉल्स रेल (तात्पुरता कठडा) सरकवत राहायचे. कामासाठी एक भरवशाची पट्टी झाली तर शर्यतीचे गवतही वाचेल. खरे तर हा फायदा आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो.

आता प्रत्यक्ष काम. १,६०० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड पट्टी धरली तर १,९२० घनमीटर माल लागतो, वजनाने सुमारे ३,००० टन. मेण ५ टक्के धरले तर १५० टन मेण. (शर्यतीचा २,००० मीटर लांब आणि २० मीटर रुंद ट्रॅक याच जाडीने करायचा तर माल तिपटीहून जास्त होतो, हेही लक्षात घ्यावे.) एवढा माल तयार मिश्रण म्हणून परदेशातून आणणे म्हणजे मुख्यतः वाळू जहाजाने आणणे. वाळू इथलीच घ्यावी लागेल, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतील.

आपल्या नद्यांची वाळू बेसॉल्टची आहे. ती टाचांखाली, खुरांखाली झिजते आणि तिची माती होते. क्रशसँड तर नकोच, तिचे दाणे कोनदार आणि त्यात धूळ भरपूर. हवी ती क्वार्ट्झची, गोलसर दाण्यांची सिलिका वाळू. ती सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात, कासार्डे भागात निघते, फाउंड्रीवाले तीच वापरतात. पण खाणीतून आलेली तशीच चालणार नाही. धुऊन, वाळवून, चाळून घ्यावी लागेल. दाणे बहुतांश ०.१ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान आणि ७५ मायक्रॉनखालची धूळ २-३ टक्क्यांच्या आत असावी. ही धूळ हाच सिंथेटिकचा शत्रू. ती दाण्यांमधल्या पोकळ्या भरते, मेण शोषून घेते, आणि तीन वर्षांनी पाणी वर उभे राहायला लागते. तेव्हा दोष पावसाला दिला जातो.

धागे आणि रबर पुनर्वापराचे असतील तर त्यात काय काय येते ते बघा. वायरींच्या प्लास्टिकबरोबर तांब्याच्या बारीक तारा येतात. लोहचुंबक फिरवून खिळे निघतील, तांबे निघणार नाही. अशी तार खुराच्या तळव्यात गेली तर पू धरतो आणि मोसम गेला. आमचे मत विचाराल तर वायरींचे तुकडे नसलेलेच मिश्रण घ्यावे.

निचरा हा पुण्यात जीव की प्राण. तासाला ५० मिलिमीटरची सर धरू. पुण्याला अशी सर नवी नाही. वरच्या पट्टीचे क्षेत्र १२,८०० चौरस मीटर, म्हणजे तासाला ६४० घनमीटर पाणी, सेकंदाला जवळपास १७८ लिटर. हे सगळे थरातून खाली उतरून नळ्यांतून बाहेर जायला हवे. खडीचा थर २० सेंटिमीटर आणि त्यात ४० टक्के पोकळी असेल तर तो स्वतःच ८० मिलिमीटर पाऊस पोटात धरतो, म्हणजे बाहेरचा नाला तुंबला तरी दीड तास निघतो. पण खडी धुतलेली, कडक काळ्या दगडाची असेल तरच. आपल्याकडे खडीबरोबर कच येते, आणि ठेकेदार वरून मुरूम पसरून दाबायला मोकळा. मुरूम गेला की पोकळी गेली. खाली काळी माती लागली तर ती पूर्ण उकरून काढावी, कारण ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचे सगळे थर हलवते.

सच्छिद्र डांबराचे काम रस्त्याच्या ठेकेदाराला सवयीचे नसते. त्याचा हात घट्ट मिश्रणावर बसलेला, रोलर दोन फेऱ्या जास्त मारायची सवय, आणि थरांमध्ये डांबराचा पातळ हात मारायचा. यातली कोणतीही एक गोष्ट झाली की खाली न झिरपणारी फरशी तयार होते. तपासणी सोपी आहे. दर २० मीटरवर २० लिटरची बादली एकाच जागी ओता. पाणी काही सेकंदांत गुडूप झाले पाहिजे. पसरून वाहायला लागले तर तेवढा भाग तिथेच, वरचा माल पडण्याआधी, उखडायला लावा. एकदा ३,००० टन वाळू वर पडली की खाली काय चुकले ते बघायला कोणी जात नाही.

उष्णतेचे काय? मेणाचा वितळबिंदू एकच आकडा नसतो, ते एका पट्ट्यात हळूहळू मऊ होत जाते, आणि त्या पट्ट्याचा काही भाग उन्हात तापलेल्या ट्रॅकच्या तापमानात येतो. डेल मारला समुद्राकाठीसुद्धा सकाळी आणि दुपारी पॉलिट्रॅक वेगवेगळा वागायचा. पहिल्या वर्षी दुपारी तो इतका मंद व्हायचा की पुढच्या वर्षीपासून पाणी मारावे लागले. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी उघड्या वाळूवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. इंग्लंडच्या हवेला जमवलेले मेण इथे पातळ होऊन खाली झिरपेल, वरचा थर कोरडा, खालचा चिकट. म्हणून मेणाची निवड आपल्या तापमानावर करावी लागेल, आणि पुरवठादाराने ६० अंशांपर्यंतच्या चाचण्या दाखवाव्यात. इथेही सरावाच्या पट्टीचा पक्ष जड होतो. काम उजाडता सुरू होऊन ऊन तापायच्या आत संपते. शर्यती दुपारी असतात.

यात सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'मेंटेनन्स-फ्री'. सिंथेटिक कमी निगेचा आहे हे समजून कॅलिफोर्नियात घोटाळे झाले. निगा वेगळी असते, कमी नसते. रोज काम संपल्यावर, आणि गर्दी असेल तर दोन लॉटच्या (घोड्यांच्या तुकड्यांच्या) मधल्या सुट्टीत, रोलर जोडलेल्या खास हॅरोने (दातेरी कुळवाने) वरचे चार-पाच सेंटिमीटर सैल करून परत बसवायचे. फक्त वरचेच करत राहिले तर खाली आठ-दहा सेंटिमीटरवर घट्ट तवा तयार होतो; वर हात घातला की मऊ, आणि घोड्याला कडक. म्हणून आठवड्या-पंधरवड्याला खोल कुळव घालायचा, पण दाते १२ सेंटिमीटरच्या खाली जाता कामा नयेत. डांबर खरवडले गेले की खडीचे तुकडे वर येतात. खोल कुळवल्यावर त्याच दिवशी जलद काम नको, आधी दाबून एक दिवस कँटरनेच (मध्यम दौडीनेच) बसवा.

लीद पडल्या पडल्या उचलायची. हे सांगायला क्षुल्लक वाटते, पण लीद आणि झाडांची पाने कुजून जी बारीक माती होते ती धुळीचेच काम करते. पट्टीच्या कडेला माणूस टोपली घेऊन उभा पाहिजे. पावसाळ्याआधी वाऱ्याने येणारी धूळ मेणाला चिकटून बसते, तीही वरच्या दोन सेंटिमीटरांतून दरवर्षी मोजावी.

जाडी महिन्यातून एकदा मोजावी. दर ५० मीटरवर तीन ठिकाणी, रेलजवळ, मधोमध आणि बाहेर. १,६०० मीटरच्या वर्तुळावर ९६ मोजमापे होतात, दोन माणसांचे एका सकाळचे काम. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला की माल ओढून सारखा करायचा. कडकपणासाठी पेनेट्रोमीटर (जमिनीत टोक किती रुतते ते मोजणारे साधन) इथे पुरणार नाही, तो गवतासाठी ठीक आहे. मेणाच्या वाळूत वरून बसणारा धक्का आणि खूर पुढे सरकताना मिळणारी पकड, दोन्ही वेगवेगळी मोजावी लागतात. अमेरिकेत त्यासाठी घोड्याच्या पुढच्या पायाच्या आघाताची नक्कल करणारे यंत्र वापरतात. असे यंत्र विकत घ्यायची गरज नाही, वर्षातून दोनदा मोजणी करून घेतली तरी चालेल.

रोजची परीक्षा हाताने होते. मूठभर माल आवळा. मूठ उघडल्यावर तो आकार धरून राहिला आणि बोट लावताच मोडला तर ठीक. आवळल्यावरही विस्कटला, बोटांना कोरडी धूळ लागली, तर मेण उडाले. तळहाताला तेलकट चमक राहिली आणि गोळा मोडेना, तर मेण जास्त किंवा ऊन जास्त. उन्हाने आणि हवेने मेण काही वर्षांत मरते. मग गरम मेण फवारून रोटाव्हेटरने मिसळावे लागते, धागे नव्याने घालावे लागतात. हा खर्च पहिल्या दिवसापासून दरवर्षी बाजूला काढून ठेवला नाही तर पाचव्या वर्षी समितीसमोर एकदम उभा राहतो, आणि तेव्हाची समिती म्हणणार, आम्ही थोडाच घातला होता!

ट्रेनर मंडळींना दोन शब्द. पट्टी मऊ आहे म्हणून दुखऱ्या घोड्याला काम देऊ नका. सिंथेटिकवर तो लंगडणे लपवतो, बरा होत नाही, आणि शर्यतीच्या दिवशी टणक गवतावर सगळे उघडे पडते. हाड भार मिळाला की घट्ट होते. वर्षभर फक्त मऊवर काम केलेला तीन वर्षांचा घोडा कडक गवताला तयार नसतो, म्हणून शर्यतीआधीचे एक-दोन जलद काम गवतावर हवेच, तेवढ्यासाठी ट्रॅक उघडावा. नालबंदांनी पुढच्या पायाला टोकाला धार असलेले नाल लावू नयेत. पकड आधीच जास्त आहे, त्यात भर घातली की खूर रोवून बसते. वाळूवरच्या वेळा आणि या पट्टीवरच्या वेळा एकमेकांशी ताडून बघू नका. आणि ट्रॅकवर्कच्या बातम्या देणाऱ्यांनी पट्टीचे नाव स्वतंत्र लिहावे, नाहीतर पंटर (पैसे लावणारा) बिचारा फसेल.

पर्यावरणाचा मुद्दा टाळता येणार नाही. धागे तुटतात, पाण्याबरोबर वाहतात, आणि पुण्याचे नाले शेवटी मुळा-मुठेला मिळतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये खेळाच्या कृत्रिम मैदानांत भरायच्या प्लास्टिक-रबर दाण्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली, तिला २०३१ पर्यंतची मुदत आहे. आज स्वस्त म्हणून घेतलेला माल उद्या बदलायला मिळेलच असे नाही. निचऱ्याच्या तोंडाशी गाळ बसायचे दोन कप्पे बांधावेत आणि ते मोसमात दर आठवड्याला उपसावेत. आयुष्य संपल्यावर ३,००० टन मेणकट वाळू कुठे जाणार हे करारातच लिहावे. ती शेतात पसरता येत नाही, आणि पुण्याची जागा संरक्षण खात्याची असल्याने खड्डा करून पुरता येण्यासारखी तर नाहीच. डांबर-खडीच्या पक्क्या कामाला लागणारी त्यांची परवानगी निविदेच्या आधी हातात असावी, नंतर नव्हे.

निविदेत आणखी तीन अटी हव्यात. एक, मालाच्या दर २५० टनांमागे एक नमुना क्लब, पुरवठादार आणि तटस्थ प्रयोगशाळा अशा तिघांच्या मोहरबंद पिशव्यांत राहावा. वाळूची चाळणी, मेणाचे आणि धाग्यांचे प्रमाण तपासल्याशिवाय ट्रक रिकामा होऊ नये. दोन, हमी मालाची नको, वागणुकीची हवी : पाच पावसाळे पाणी उभे राहणार नाही आणि ठरलेल्या तापमानात मऊपणाची मोजमापे मर्यादेत राहतील. तीन, पुरवठादाराचा माणूस पहिला पूर्ण मोसम पुण्यात मुक्कामाला असावा आणि त्याने आपल्या ट्रॅकच्या माणसांना हॅरो हाताळायला शिकवावे. ट्रॅक्टर चालवणारा बदलला की पट्टी बदलते.

यातले काहीही करण्याआधी तो शंभर मीटरचा तुकडा. ८ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड, १२० घनमीटर, म्हणजे १९० टनांच्या आसपास माल, खाली पूर्ण रचनेसह. एप्रिलअखेर तयार झाला तर मेचे ऊन आणि पूर्ण पावसाळा दोन्ही त्याच्यावरून जातील. अर्धा तुकडा एका मेणाचा, अर्धा दुसऱ्या मेणाचा ठेवा. दुपारी दोन वाजता आणि सकाळी सहा वाजता वरचे आणि दहा सेंटिमीटर खालचे तापमान रोज लिहा. प्रत्येक मोठ्या सरीनंतर नळीच्या तोंडाशी किती वेळात पाणी आले आणि वर डबके राहिले का, ते लिहा. रोज दहा-पंधरा घोडे त्यावरून कँटरने न्या, नाहीतर न तुडवलेला तुकडा पुढे काहीच सांगणार नाही. ऑक्टोबरात तुकडा आडवा कापून बघा : तवा धरला का, मेण खाली उतरले का, डांबरावर गाळ किती साचला.

ही नोंदवही समितीच्या कपाटात न राहता ट्रेनर आणि मालकांना बघायला खुली असावी. जागा निश्चित झाली की मोजमापांचा तक्ता आणि नमुने घ्यायची पद्धत आम्ही लिहून देऊ.

आपले,
पुणे-मुंबईच्या पागा आणि ट्रॅकच्या कामाशी जोडलेले काही जण